नातेवाईक विचारत आहेत

ज्या खोलीत ही हकिगत घडली, ती परिचारिका विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेल्यावर उजव्या हाताला आहे. आत एकच खाट, खाटेशेजारी औषधांची ढकलगाडी, भिंतीवर नाडी, रक्तदाब आणि श्वास यांचे आकडे दाखवणारा पडदा, कोपऱ्यात एक टेलिफोन, आणि खाटेवर रबराचा एक मनुष्य. या मनुष्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळ्यांची उघडमीट होते आणि तो बोलतो. त्याला सगळे ‘मामा’ म्हणतात. मामांचा आवाज मी आहे.

याच विद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षे काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आले. आठवड्यातून तीन दिवस काचेमागच्या लहान खोलीत बसायचे, कागदावर लिहून दिलेली मामांची वाक्ये माइकमध्ये म्हणायची आणि प्रत्येक घटनेची वेळ मिनिट-सेकंदांसह नोंदवायची. परीक्षा देणाऱ्या परिचारिकेला आठ मिनिटे मिळतात. तेवढ्यात मामांचे काय बिघडले आहे हे तिने ओळखायचे, हाताने करण्यासारखे ते हाताने करायचे, आणि फोन करून डॉक्टरांना बोलावून घ्यायचे. जमले तर मामा वाचतात. नाही जमले तर माझे वाक्य मध्येच तुटते आणि मी वेळ लिहितो. त्या खुर्चीत मी आजवर चारशेहून अधिक वेळा मेलो असेन. पहिली दहा-बारा मरणे जड गेली. नंतर सवय झाली.

हळूसिस्टर या खोलीत प्रथम आल्या तेव्हा त्यांना त्रेपन्नावे वर्ष लागले होते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात त्यांनी सव्वीस वर्षे काम केलेले. हे नाव त्यांना तिथेच मिळाले. कारण आवाज कधी चढला नाही, दार कधी आपटले नाही, आणि झोपलेल्या रोग्याचा रक्तदाब त्याला न जागवता घेण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. परंतु मराठीत ‘हळू’ हा शब्द आवाजालाही लागतो आणि वेगालाही. वॉर्डात नव्याने आलेल्या मुलींनी त्यातला दुसराच अर्थ उचलला होता.

पतीच्या आजारपणासाठी त्या रजेवर गेल्या. पती वारले. मग सासूबाई राहिल्या. त्यांचे विसरणे इतके वाढलेले की त्यांना एकटे ठेवण्याची सोय नव्हती. अशी अडीच वर्षे गेली. दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या परिचारिकेने ही आठ मिनिटांची परीक्षा दिल्याशिवाय तिला वॉर्डात घ्यायचे नाही, असा नियम. संधी तीन. तिन्ही वाया गेल्या तर कायमची बदली कापडखात्यात. म्हणजे तळघरातल्या खोलीत धुऊन आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या आणि फाटक्या वेगळ्या काढायच्या.

“वाईट काय आहे त्यात?” मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारले होते. “बसून काम आहे. जागरण नाही.”

“चादरी बोलत नाहीत हो,” त्या म्हणाल्या. “घरी दिवसभर सासूबाईंच्या एकाच प्रश्नाला उत्तर देत असते मी. ‘तो आला का?’ ‘येतायत, आई.’ पुन्हा पाच मिनिटांनी, ‘तो आला का?’ आता जरा खऱ्या आजारी माणसाला हात लावावासा वाटतो. तो बरा होईल, नाहीतर मरेल. पण काहीतरी एक होईल.”

परीक्षा घेणाऱ्या ट्यूटर बाई पस्तिशीच्या आतल्या. बारा वर्षांपूर्वी त्या विद्यार्थिनी असताना नाडी कशी मोजायची हे त्यांना हळूसिस्टरांनीच शिकवलेले. परीक्षेच्या वेळी त्या माझ्याशेजारी काचेमागे बसतात, मामांचे आकडे वरखाली करतात, आणि कोपऱ्यातला फोन कोणी उचलला की डॉक्टर होतात. डॉक्टरांचा आवाज त्या असा हुबेहूब काढतात की मला कधी कधी जागेवरून उठावेसे वाटते.

पहिल्या परीक्षेत मामांच्या पोटाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि आत कुठेतरी रक्त वाहत होते. हळूसिस्टर आत आल्या. पडद्याकडे न बघता त्यांनी आधी मामांच्या पायांना हात लावला. उघडे पडलेले पाऊल चादरीखाली घेतले. मग मनगट धरले.

“काय होतंय, मामा?”

“काही नाही. जरा पाणी द्या हो,” मी कागदावरचे वाक्य म्हटले. “तहान लागलीय. फार तहान लागलीय.”

त्यांनी जखमेवरची पट्टी उचलून पाहिली, सलाइन जोरात सोडले, ऑक्सिजन लावला, रक्तपेढीची चिठ्ठी काढून ठेवली. दोन मिनिटे दहा सेकंदांत हे सारे झाले. ट्यूटर बाईंनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. इतक्या लवकर त्या खोलीत कोणी ओळखले नव्हते. मग हळूसिस्टरांनी फोन उचलला.

“सर, नमस्कार. त्या पोटाच्या पेशंटचे नातेवाईक फार विचारतायत. एकदा येऊन बघून जाता का?”

“नातेवाईकांना म्हणावं, संध्याकाळी भेटू,” ट्यूटर बाईंमधले डॉक्टर म्हणाले. “पेशंट अस्वस्थ आहे का? झोपेचं इंजेक्शन देऊन टाका.”

“हो सर.”

त्यांनी फोन ठेवला. इंजेक्शनला हातही लावला नाही. मामांचा हात हातात घेऊन त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. चार मिनिटे गेली, पाच गेली. सात मिनिटे तीस सेकंदांवर ‘पाणी’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर मी थांबलो.

निकाल वाचून दाखवायची पद्धत आहे. ट्यूटर बाईंनी वाचला, “निरीक्षण उत्तम. हाताचे काम उत्तम. गांभीर्य डॉक्टरांना कळविले नाही. चुकीची सूचना मान्य केली. अनुत्तीर्ण.”

“मान्य कुठं केली?” हळूसिस्टर म्हणाल्या. “इंजेक्शन त्या ट्रेमध्ये तसंच पडलंय. बघ ना.”

“सिस्टर, तुम्ही ‘हो’ म्हणालात.”

“अगं, ‘हो’ म्हणजे ऐकलं. ‘हो’ म्हणजे देते, असं कुठं असतं?”

“मग काय असतं?”

“आता हे तू मला विचारतेस? बारा वर्षांपूर्वी माझ्या शेजारीच उभी असायचीस ना?”

ट्यूटर बाईंनी पेनाला टोपण लावले. “मला माहितीये, सिस्टर. मामांना माहीत नाही. आणि त्यांना नातेवाईक नाहीत. कागदावर स्पष्ट लिहिलंय, सोबत कोणी नाही.”

“नातेवाईक नेहमी असतात,” हळूसिस्टर म्हणाल्या. “नसले तर आणायचे.”

हे बाहेरच्या माणसाला उलगडून सांगितले पाहिजे. वॉर्डातल्या जुन्या परिचारिकेला रोग्याचे काही बिघडते आहे असे वाटले, तर ती तसे म्हणत नाही. ‘नातेवाईक विचारतायत’ असे म्हणते. डॉक्टर जुना असेल तर त्याचा अर्थ त्याला बरोबर कळतो: ही बाई उगाच फोन करणारी नाही, आपण उठून जावे. त्यात कोणी कोणाला शिकवल्यासारखे होत नाही आणि कोणाचा मान दुखावत नाही. वॉर्डाच्या नोंदवहीतही हीच रीत आहे. ‘डॉक्टरांना कळविण्यात आले.’ कोणी कळविले, ते त्या वाक्यात शोधूनही सापडत नाही. अशी वाक्ये एकतीस वर्षे मीही लिहिली. कार्यालयात त्याला चांगली भाषा म्हणत.

“खऱ्या वॉर्डात सर अर्ध्या तासात चपला वाजवत आले असते,” हळूसिस्टर पिशवी उचलताना म्हणाल्या.

“आणि त्या अर्ध्या तासात काय झालं असतं?” ट्यूटर बाईंनी विचारले.

हळूसिस्टरांनी दारातून परत फिरून मामांचे उघडे पडलेले पाऊल पुन्हा झाकले, आणि गेल्या.

दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. त्या दिवशी त्या लवकर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. मीही वेळेआधी येतो, त्यामुळे बोलणे झाले. पायातले बूट अर्धवट काढून त्यांनी टाचा मोकळ्या केल्या होत्या. डोळ्यांखाली काळे आलेले.

“वाक्य पाठ केलंय,” त्या म्हणाल्या. “‘मला काळजी वाटते. तुम्ही आत्ता या.’ एवढंच म्हणायचं, असं ट्यूटरनं सांगितलंय. चार दिवस घरी तालीम करतेय. आईंसमोर उभी राहिले, म्हटलं, मला काळजी वाटते, तुम्ही आत्ता या. तर आई म्हणतात, ‘कुठं येऊ? माझ्या चपला कुठं ठेवल्यास?’ मग त्या चपला शोधण्यात गेला सगळा दिवस. दाराबाहेर जाऊन बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन.”

त्या हसल्या. हसणे पूर्ण होण्याआधीच दमल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे धाकटे दीर होते. ते दुसऱ्या गावी राहतात आणि एक दिवसाआड फोन करून आईची व्यवस्था कशी ठेवावी ते सांगतात. त्यांचा आवाज असा दणदणीत की शेजारी बसलेल्याला कान बंद करून घेता येत नाहीत.

“वहिनी, मी म्हटलं ना, आईला झोपेची गोळी देत जा. ती शांत, तुम्ही शांत.”

“हो भाऊजी.”

“रोज द्यायची. विसरायचं नाही.”

“हो भाऊजी. हो.”

फोन पिशवीत गेला.

“देणार आहात?” मी विचारले.

“छे. गोळीनं त्या झोपत नाहीत, नुसत्या तोल जाऊन पडतात. मागं एकदा कपाळ फोडून घेतलं.”

“मग तसं सांगितलं का नाही?”

“सांगून काय होतं? ‘तुम्हाला काय कळतं’पासून सुरू होतं मग. ‘हो’ म्हटलं की संपतं.”

त्या दिवशी मामांना दुखण्यासाठी दिलेले इंजेक्शन जास्त झाले होते. श्वास मिनिटाला आठवर आलेला, डोळे मिटत चाललेले. “दुखतंय,” एवढेच मला अडखळत म्हणायचे होते. हळूसिस्टरांनी मामांच्या छातीवर हात ठेवून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. मग खांदा हलवून जागे केले, हनुवटी वर केली, ऑक्सिजन लावला. फोन उचलला तेव्हा तीन मिनिटे पाच सेकंद झाले होते.

“सर, मला...”

“लवकर बोला. दुसऱ्या पेशंटपाशी आहे.”

“मला... म्हणजे पेशंटला... दुखतंय म्हणतात ते, पण...”

“दुखतंय ना? मग अजून एक डोस द्या.”

काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. तोंड उघडे होते, आणि वाक्य तिथेच कुठेतरी अडकले होते.

“सर, नातेवाईक म्हणतायत की...”

ट्यूटर बाईंनी डोळे मिटून घेतले. “नातेवाईकांना बाहेर काढा,” त्या डॉक्टरांच्या आवाजात म्हणाल्या.

“हो सर,” हळूसिस्टर म्हणाल्या.

डोस त्यांनी अर्थातच दिला नाही. मामांना हाका मारीत राहिल्या, “मामा, डोळे उघडा. श्वास घ्या. घ्या श्वास.” कागदाप्रमाणे मला सात मिनिटे पन्नास सेकंदांवर थांबायचे होते. मी थांबलो. त्यानंतरही त्या तीनदा म्हणाल्या, “घ्या श्वास.”

तिसऱ्या परीक्षेची तारीख दोन आठवड्यांनी पडली. कापडखात्यात जागा रिकामी असल्याचे पत्र मधल्या काळात त्यांच्या घरी गेले होते. तिथल्या लोकांना घाई होती. परीक्षेच्या दिवशी त्या पुन्हा बाकावर बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवरचा पंखा डावीकडून उजवीकडे वळताना दर वेळी कटकट आवाज करी.

“एक विचारू?” मी म्हटले. “वाक्य तर लहान आहे. अडतं कुठं?”

त्यांनी बूट काढले, एकमेकांशेजारी नीट ठेवले.

“मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “एका मोठ्या सरांना म्हटलं होतं, सर, मला वाटतं या पेशंटचं पोट कडक होतंय. सगळा राउंड थांबला. दहा-बारा माणसं होती. सर म्हणाले, ‘तुम्हाला वाटतं? तुम्हाला वाटायला कोणी सांगितलं?’ हसले सगळे. पेशंटसुद्धा हसला, पोट धरून. तेव्हापासून वाटण्याचं खातं मी नातेवाईकांकडे सोपवलं.”

“पोट कडक होतं का?”

“दुपारी उघडावं लागलं. पण ते कोणाला आठवतं?”

पंखा वळून परत आला.

“रीत चांगली चालली पण. पंचवीस वर्षं चालली. मुलींनाही शिकवली मीच. मग हे आजारी पडले. आपल्याच हॉस्पिटलात होते. दुपारची वेळ. मी बघितलं, यांचा श्वास काही बरोबर नाही. आदल्या दिवशीसारखा नाही. ड्यूटीवर माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. तिला म्हटलं, बाई, डॉक्टरांना बोलाव. तिनं लगेच फोन लावला. मी शेजारीच उभी. म्हणाली, ‘सर, नातेवाईक फार विचारतायत.’”

त्यांनी एक बूट उचलून मांडीवर घेतला.

“ते सर नवीन होते. म्हणाले, नातेवाईकांना सांगा, चारच्या राउंडला बघतो. ती म्हणाली, ‘हो सर.’ माझ्याकडे बघितलं तिनं. मला कळलं ती काय म्हणतेय. तिलाही कळलं. फक्त त्या सरांना नाही कळलं. चारचा राउंड आला तेव्हा हे नव्हते.”

“तुम्ही तिच्या हातून फोन घेतला असता...” माझ्या तोंडून निघून गेले, आणि ते वाक्य मी अर्ध्यावर सोडले.

“घेऊन काय म्हटलं असतं? मी त्या दिवशी खरीखुरी नातेवाईकच होते.” त्यांनी बूट पायात घातले. “तिचं काही चुकलं नाही हो. मी शिकवलं तसंच बोलली ती. अगदी शब्द न शब्द.”

त्या दिवशी मामा म्हातारे होते. कागदावर वय अठ्ठ्याहत्तर. मूत्राशयाच्या त्रासासाठी दाखल झालेले; काल चांगले बोलत होते, आज बरळू लागले. ताप नाही. आतमध्ये मात्र जंतुदोष रक्तात पसरत चाललेला. हे ओळखणे कठीण असते, असे ट्यूटर बाई मला आधीच म्हणाल्या होत्या. म्हातारा माणूस बरळला की सगळे वयावर ढकलतात.

हळूसिस्टर आत आल्या. पायांना हात लावला, पाऊल झाकले.

“माझी गाडी किती वाजता आहे?” मी म्हणालो. “तिकीट कुठं ठेवलंय?”

“गाडीला वेळ आहे, मामा. तिकीट माझ्याकडे आहे.” हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की रोज कितीदा म्हणत असतील याचा हिशोब करू नये. “मामा, मी कोण?”

“तू... तू धाकटी ना?”

“काल कोण आलं होतं भेटायला?”

“गाडी चुकेल माझी. गाडी.”

त्यांनी खाटेच्या पायथ्याचे कागद उचलले. एक पान उलटले, दुसरे उलटले आणि थांबल्या. कालच्या संमतिपत्रावर मामांची सही होती, आणि खाली त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेली तारीख. ती त्यांनी बोट ठेवून वाचली. मग वाकून लघवीची पिशवी पाहिली. तळाशी जेमतेम दोन बोटे. श्वास मोजला, अठ्ठावीस. रक्तदाब पाहिला. ऑक्सिजन लावला, सलाइन सुरू केले. तीन मिनिटे चाळीस सेकंदांवर फोन उचलला.

“सर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पेशंट आहेत. काल शुद्धीत होते, आज बरळतायत. श्वास अठ्ठावीस, नाडी एकशे बारा, वरचा रक्तदाब चौऱ्याण्णव. सकाळपासून लघवी जवळजवळ नाही.”

“ताप?”

“नाही.”

“वय झालंय हो. म्हातारी माणसं बरळतात,” ट्यूटर बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या. “झोपेची गोळी द्या. शांत होतील.”

“हो...”

तो ‘हो’ बाहेर पडला. काचेमागे आम्ही दोघांनीही तो ऐकला. ट्यूटर बाईंचे पेन कागदाला टेकले होते, पण त्यांनी लिहिले नाही. मी घड्याळाकडे पाहत होतो. अकरा सेकंद गेले. अकरा सेकंद फोनवर कोणी काही बोलले नाही, तर ते किती लांब असतात, हे घड्याळ हातात धरून बसलेल्यालाच कळते.

“‘हो’ म्हणजे ऐकलं, सर,” हळूसिस्टर म्हणाल्या. “गोळी मी देणार नाही. माझ्या सासूबाई घरी रोज विसरतात. तीन वर्षं बघतेय. रोजचं विसरणं मला कळतं, ते हळूहळू येतं. यांनी काल स्वतःच्या हातानं तारीख घातलीय कागदावर. एका रात्रीत माणूस असा विसरत नाही. हे वय नाही, सर, हा आजार आहे. मला काळजी वाटते. तुम्ही आत्ता या.”

आवाज चढला नव्हता. नेहमीसारखाच हळू होता.

यानंतर डॉक्टरांनी ‘येतो’ म्हणावे, असे कागदावर लिहिलेले होते. ट्यूटर बाईंनी ते म्हटले नाही. त्या काचेतून हळूसिस्टरांकडे बघत राहिल्या आणि कागदावर कुठेही नसलेला एक प्रश्न त्यांनी विचारला.

“नातेवाईक काय म्हणतायत?”

आमची काच खोलीच्या बाजूने आरसा आहे. हळूसिस्टरांनी त्या आरशाकडे, म्हणजे आमच्याच दिशेने, पाहिले. आम्ही त्यांना दिसत नव्हतो. त्यांना तिथे त्या स्वतःच दिसत असणार.

“नातेवाईक कोणी नाहीत, सर,” त्या म्हणाल्या. “मीच विचारतेय.”

“येतो,” ट्यूटर बाई म्हणाल्या. तो आवाज डॉक्टरांचा नव्हता. तो काढायला त्या विसरल्या होत्या.

पाच मिनिटे बत्तीस सेकंद. मी वेळ लिहिली. शेजारच्या रकान्यात ‘डॉक्टरांना कळविण्यात आले’ असे छापलेले असते आणि पुढे फक्त खूण करायची असते. मी ती ओळ खोडली, वर ‘सिस्टरांनी डॉक्टरांना कळविले’ असे लिहिले आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली.

निकाल वाचताना ट्यूटर बाई ‘उत्तीर्ण’ हा शब्द नीट म्हणाल्या, पण खाली मान घालून. सोमवारपासून वॉर्डात हजर व्हायचे होते. हळूसिस्टरांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

“ते शेवटचं कशाला विचारलंस गं?” त्यांनी विचारले. “कागदावर नव्हतं, हो ना?”

“नव्हतं.”

“नापास झाले असते मी.”

“माहितीये,” ट्यूटर बाई म्हणाल्या. “पण सोमवारी फोनवर खरे डॉक्टर असतील, सिस्टर. ते विचारतीलच.”

हळूसिस्टरांनी मान हलवली आणि बाहेर येऊन बूट काढून बाकावर बसल्या. मी घड्याळाला चावी देऊन, कागद लावून बाहेर आलो, तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. अखेर उचलला.

“वहिनी, गोळी देताय ना?” दिरांचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

“हो भाऊजी,” त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “नाही भाऊजी. देत नाही. कधीच देत नव्हते. गोळीनं आई पडतात.” पलीकडून बराच वेळ बोलणे चालले. ‘तुम्हाला काय कळतं’ हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. “आणि सोमवारपासून माझी ड्यूटी आहे. आईंपाशी दिवसा कोणी बसायचं, ते ठरवायला रविवारी तुम्ही इकडे या. नाही, हॉस्पिटल म्हणत नाही. शेजारचेही म्हणत नाहीत. मी म्हणतेय.”

पलीकडून काहीतरी तुटक बोलणे झाले आणि फोन बंद झाला.

“येतील का?” मी विचारले.

“काय माहीत. बघतो म्हणाले.” त्यांनी डोके भिंतीला टेकवले. चेहऱ्यावर आनंद असा नव्हता. लांबचे ओझे आणून खाली ठेवले आणि आता दुसरे उचलायचे आहे, तसे काहीसे होते. “तुम्हाला एक सांगू का? ‘हो’ म्हणण्यात काही कष्ट पडत नाहीत. हे दोन फोन झाले, आणि अंग नुसतं मोडून आल्यासारखं झालंय.”

पुढची परीक्षार्थी जिना चढून वर येत होती. एक कोवळी मुलगी, हातात वही, ओठ हलत होते, बहुधा वाक्य पाठ करीत असावी. तिला जागा करून द्यायला हळूसिस्टर बाकावर थोड्या सरकल्या. बूट मात्र त्यांनी आणखी काही वेळ घातले नाहीत. मी आत जाऊन माइक पुसला, घड्याळ शून्यावर आणले आणि मामांचा नवा कागद समोर घेतला.